ती गाडी बेवारस नव्हती

आमच्या सोसायटीला तीस वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नव्याने रंगवलेल्या तिन्ही इमारती, आत अध्यक्षांचे अकरा फोटो. मी मोजले. नवव्या पानावर ‘आवार सुशोभीकरण’ या मथळ्याखाली एक वाक्य आहे : ‘सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेले एक बेवारस वाहन पालिकेच्या सहकार्याने हटवून त्या जागी सुसज्ज पार्किंग करण्यात आले.’

हे वाक्य खोटं आहे. थोडंथोडकं नाही, शब्दाशब्दाला खोटं आहे. ‘वर्षानुवर्षे’ खोटं, कारण ती गाडी आवारात तीन वर्षं आणि वर काही महिने होती. ‘पडून’ खोटं, कारण ती पडलेली नव्हती. चार लाकडी ठोकळ्यांवर, पाणसळ लावून उभी केलेली होती. ‘सहकार्याने’ खोटं, कारण पालिकेच्या माणसांनी सहकार्य केलं नाही, त्यांना फसवण्यात आलं. आणि ‘बेवारस’ हा शब्द माझा आहे. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून अर्जात तो मी माझ्या हाताने लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यभर हजेरीपटावर नोंदी करून ते तसं झालंय.

ज्याची ती गाडी होती त्याच्याबद्दल आता सोसायटीत काहीही बोललं जातं. म्हातारा चक्रम होता, भंगार गोळा करायचा, शेवटी पोरगी घेऊन गेली म्हणून सुटलो. ज्यांनी त्याच्याकडून घरातले मिक्सर आणि पंखे फुकटात दुरुस्त करून घेतले तीच माणसं हे बोलतात. ऐकून माझ्या अंगाची लाही होते, पण मला बोलायला तोंड नव्हतं. आता लिहितोय.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत होतो. मी टाइम ऑफिसात, म्हणजे कोण किती वाजता आला, कधी गेला, ओव्हरटाइम किती झाला, हे लिहिणारा कारकून. तो क्वालिटीत इन्स्पेक्टर. मूळचा परभणीकडचा. माणसांना तो नावाने हाक मारत नसे, खात्याने मारायचा. मी ‘टाइम ऑफिस’. गेटवरचा हवालदार ‘सिक्युरिटी’. स्वतःच्या बायकोला तो ‘अकाउंट्स’ म्हणायचा आणि ती माउली त्याला चारचौघांत ‘मेंटेनन्स’ म्हणून हाक मारायची. ती गेली तेव्हा मी भेटायला गेलो. तो म्हणाला, “अकाउंट्स बंद झालं रे, टाइम ऑफिस.” त्यानंतर त्याने तिचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

कारखान्यात तपासलेल्या मालाला टॅग लावतात. हिरवा टॅग म्हणजे ओके. पिवळा म्हणजे रीवर्क, दुरुस्त केला की चालेल. लाल म्हणजे रिजेक्ट, भंगारात. टॅगवर तीन ओळी असतात : दोष, तारीख आणि जबाबदार व्यक्ती. हे टॅग त्याच्या इतके हाडीमाशी भिनले होते की रिटायर झाल्यावर पिंपरी कॅम्पातल्या एका छापखान्यातून त्याने स्वतःसाठी पाचशे छापून घेतले. शंभर हिरवे, चारशे पिवळे.

“आणि लाल?” मी विचारलं.

“घरात लाल लागत नाही.”

मग हा माणूस सोसायटीभर टॅग लावत सुटला. पाण्याच्या पंपाला पिवळा – दोष : रडतो. जबाबदार व्यक्ती : सेक्रेटरी. मंडळाच्या लाउडस्पीकरला पिवळा – दोष : दुसऱ्याचं ऐकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून घरी येताना स्वतःच्या काठीला एक पिवळा बांधून आला – दोष : डावा गुडघा. जबाबदार व्यक्ती : स्वतः. माझ्या बायकोच्या पुरणपोळीच्या ताटाला त्याने एकदा हिरवा बांधला होता. तिने तो अजून कपाटात ठेवला आहे.

लोक आधी हसायचे. पुढे हसेनासे झाले. तो म्हणायचा, “दोष लिहिला की कुणाला राग येत नाही. तिसरी ओळ आली की सगळे तोंड फिरवतात.”

तिसऱ्या ओळीपायी कंपनीतही त्याचे हाल झालेच. एकदा महिनाअखेरीला त्याने ब्रेकच्या एका भागाचा अख्खा लॉट लाल केला. माल न्यायला ट्रक गेटवर उभा. वरचे साहेब म्हणाले, सोडून दे. हा उठला आणि त्या क्रेटवरच जाऊन बसला. डबा तिथेच खाल्ला, चहा तिथेच मागवला.

“ऊठ तिथून,” साहेब म्हणाले.

“उठतो की. या ब्रेकच्या गाडीत आधी तुमची पोरं बसवा, मग उठतो.”

चार तास तो तिथे बसला. लॉट गेला नाही. पण साहेबांनी मला बोलावून सांगितलं, त्याच्या हजेरीत चार तास ‘जागेवर नाही’ लिही. माणूस चार तास एका जागेवरून तसूभर हलला नव्हता आणि मी लिहिलं, जागेवर नाही. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला. “टाइम ऑफिस, काल मी कुठं होतो?”

“अरे, वरून सांगितलं म्हणून...”

“वरून काय सांगितलं ते कळलंय. मी कुठं होतो ते सांग.”

“क्रेटवर,” मी म्हणालो.

“बास. तुला म्हायत आहे ना, पुरे झालं.” आणि गेला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं. माझ्यासारख्या माणसांचं असंच असतं. समोरचा गप्प बसला की आपल्याला वाटतं, मिटलं.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने दुसऱ्या शिफ्टला माझ्या पोटात अशी कळ आली की मी टेबलाखाली गडबडा लोळायला लागलो. मुतखडा होता, पण तेव्हा कोणाला ठाऊक. कंपनीची एक पिकअप होती, सुटे भाग आणण्या-नेण्याची. तिच्या हौद्यात पोती अंथरून मला आडवं केलं आणि गाडी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाली. हा आपणहून माझ्यासोबत चढला. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती मालाची गाडी, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दगडासारखे ताठ. चाकण ते पिंपरी रस्त्यावर जेवढे खड्डे होते तेवढे माझ्या मूत्रपिंडातून गेले. मोशीच्या पुढे मी त्याच्या आईचा उद्धार करायला लागलो. तो ड्रायव्हरला ओरडत होता, “अरे हळू, माणूस आहे मागं, माल नाही!” आणि ड्रायव्हर ओरडत होता, “गाडीला काय माहिती!”

खडा पडला, मी बरा झालो, विसरलो. तो विसरला नाही. “गाडीला काय माहिती” हे ड्रायव्हरचं उत्तर त्याला पटलं नव्हतं. गाडीला माहिती पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

आम्ही दोघं रिटायर झालो. दिघीतल्या या सोसायटीत आमची घरं आधीपासूनच होती. मी दुसऱ्या मजल्यावर, तो तळमजल्यावर. एक दिवस क्रेनवाल्याने आवारात एक सांगाडा आणून ठेवला. गंजलेली केबिन, फाळका लोंबलेला, काचा नाहीत. मी गॅलरीतून बघत होतो. त्याने वर बघून हात केला. “टाइम ऑफिस, ओळखलंस का? तुझी ॲम्ब्युलन्स!”

कंपनीने भंगारात काढलेली तीच पिकअप त्याने लिलावात घेतली होती. आरसी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. त्याच्या वाट्याच्या पार्किंगच्या जागेत, पांढऱ्या रेषेच्या आत बरोबर वीतभर सोडून त्याने ती उभी केली. त्याच्याकडे दुसरं वाहन नव्हतं. जागा त्याची, गाडी त्याची. हे मी पुन्हा पुन्हा लिहितोय, कारण पुढे आम्ही हेच खोडलं.

मग त्याची शिफ्ट सुरू झाली. सकाळी दहाला तो गाडीपाशी उभा राहून तोंडाने भोंगा वाजवायचा, खराखुरा कंपनीचा भोंगा, लांबलचक. एकला दुसरा भोंगा. चार ते सहा पुन्हा. त्याबाहेर एक ठोका नाही. पोरांच्या परीक्षा असल्या की पत्रा ठोकायचं काम बंद, तेव्हा सँडपेपर. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट. इंजिनाचं हेड स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, नोझल रॉकेलमध्ये भिजत घातलेले, तेही बायकोच्या लाडवाच्या डब्यात. मी म्हटलं, “अरे, डबा तरी सोड.” तो म्हणाला, “ती असती तर तिनेच दिला असता. शिव्या देऊन दिला असता.”

केबिनचा सडलेला पत्रा त्याने कापून नवा घातला. खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. रंग स्वतः मारला, फिकट आकाशी. पण त्याचा खरा जीव पाट्यांवर. भोसरीच्या एका लोहाराकडे तो ते पाटे रिक्षात घालून चारदा घेऊन गेला. एक पान काढलं, दुसऱ्याची कमान वाढवली, कुठे रबर घातलं. हौद्यात दोन्ही बाजूंना घडी होणारे बाक केले आणि मधोमध एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडली. मागे म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी, बाहेर ओढायची पायरी. सोसायटीत आता निम्मी म्हातारी माणसं. दिघीतून पिंपरीच्या दवाखान्यात रिक्षाने जाताना हाडं खिळखिळी होतात. त्यांना न्यायचं, असा त्याचा बेत.

हौद्यात तो काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि बंपरवर उडी मारायचा. पाणी सांडलं की वहीत नोंद. एकदा त्याने मलाच बोलावलं.

“झोप आत.”

“मी?”

“त्या दिवशी तूच होतास ना? दुसऱ्या कुणाला काय विचारू?”

बाया गॅलरीतून बघत होत्या. मी मधल्या जागेत अंथरलेल्या गादीवर आडवा झालो. त्याने बंपरवर उडी मारली. “दुखतंय का?”

“अरे, मुतखडा पडून वीस वर्षं झाली!”

“आठवून सांग.”

मी आठवून सांगितलं. नाही दुखलं, खरंच नाही. गाडी होडीसारखी एकदा खाली गेली आणि वर आली. तो हौद्याच्या कडेवर हात फिरवत उभा राहिला.

गाडीच्या आरशाला पिवळा टॅग होता. प्लास्टिकच्या पाकिटात घालून, तारेने बांधलेला. एकेक काम संपलं की तो नवा टॅग लिहायचा. सुरुवातीला दोषांची यादी मागच्या बाजूपर्यंत जायची. शेवटच्या टॅगवर एकच ओळ होती – दोष : पासिंग बाकी. जबाबदार व्यक्ती : त्याचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर. चाकं नव्या टायरसाठी काढून दिली होती म्हणून गाडी ठोकळ्यांवर होती, नंबरप्लेट रंगवायला गेलेली. टायर आले की आरटीओत पासिंगला न्यायची. एवढ्यात परभणीला त्याची बहीण आजारी पडली आणि तो पंधरा दिवसांसाठी गेला. जाताना मला म्हणाला, “लक्ष ठेव रे.”

त्याच सुमारास इमारतींना रंग द्यायचं ठरलं आणि पार्किंग नव्याने आखायचं निघालं. माझ्या मुलाने मोठी गाडी बुक केली होती. आमच्या वाट्याची जागा खांबाच्या मागे. तिथे ती शिरत नव्हती. मी टेप लावून पाहिलं होतं. पिकअपच्या जागेत मात्र ती बरोबर बसत होती. तेही मोजलं होतं.

तेव्हा पालिकेची बेवारस गाड्या उचलण्याची मोहीम चालू होती. सोसायटीने अर्ज दिला की माणसं येऊन गाडीवर नोटीस चिकटवत, आठवडाभरात कोणी पुढे आलं नाही तर उचलून नेत. अध्यक्ष मूळचे गाववाले, जमीनजुमला असलेले. त्यांच्या हॉलमध्ये बसून मी अर्ज लिहायला घेतला. ‘नादुरुस्त वाहन’ एवढं लिहिलं होतं.

“आवो सेक्रेटरी, नादुरुस्त लिव्हलं तं मालकाला नोटीस जाईल. त्यो येईल, भांडंल, वरीसभर चालंल. बेवारस लिव्हा.”

“पण मालक आहे की.”

“हाय कुठं? परभणीला हाय!” ते हसले. “आमी कुठं म्हणतोय मालक न्हाई? पण त्याला कागदावर कशाला आनायचा? एक शब्द बदला, काम होतंय.”

अध्यक्षांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण पेन माझ्या हातात होतं. आवारात आणखी एक गाडी होती, त्यांच्या मेहुण्याची. दोन वर्षं हलली नव्हती, चाकांत हवा नव्हती, आत मांजरीने पिल्लं घातली होती. त्या गाडीचा अर्जात उल्लेख करायचा विचार ना त्यांच्या मनात आला, ना माझ्या. मी ‘नादुरुस्त’ खोडलं नाही, तेवढी माझी शिस्त. नवा कागद घेतला आणि ‘बेवारस’ लिहिलं.

मग आठवलं, आरशाला टॅग आहे. त्यावर नाव आहे, नंबर आहे. नोटीस लावायला आलेला माणूस तो वाचणार आणि फोन करणार. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोक ये-जा करत असताना, मी पक्कड घेऊन खाली गेलो. तार चांगली जाड होती. दोनदा दाबावी लागली. पाकीट खिशात घातलं, घरी आलो, टॅग फाडला आणि सुक्या कचऱ्यात टाकला. ओला-सुका वेगळा करायचा नियम सोसायटीत मीच आणला होता.

नोटीस लागली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“टाइम ऑफिस, गाडी बरी आहे का रे? हौद्यावरच्या ताडपत्रीचा एक कोपरा ढिला होता, वारं सुटलं तर तेवढा ओढ.”

मी गॅलरीत उभा होतो. काचेवरचा पांढरा कागद मला वरून दिसत होता. मी म्हणालो, “ठीक आहे गाडी.”

“बहिणीला थोडं बरं वाटायलंय. तिला म्हणलं, चांगली झालीस की पुण्याला नेतो, झोपून नेतो, पोटातलं पाणी हलणार नाही!” हसला. “ठेवू का?”

“ठेव,” मी म्हणालो.

एक शब्द बोलायचा होता. ये. एवढंच. तो त्याच संध्याकाळी बसमध्ये बसला असता.

गाडी उचलायला आलेला माणूस भला होता. दोनदा गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं. “काका, कुणीतरी जीव लावून काम केलंय हो हिच्यावर. पाटे बघा कसले बसवलेत. खरंच मालक नाही?”

“नाही,” मी म्हणालो. त्याची यात काही चूक नाही. सोसायटीचा सही-शिक्क्याचा कागद त्याच्या हातात होता.

तो परत आला तोवर गाडी कापली गेली होती. दोन दिवस तो कुठेकुठे जाऊन चौकशी करून आला. मग माझ्या दारात उभा राहिला. मी तयारीत होतो. आरडाओरडा करील, शिव्या देईल, कागद मागील. प्रत्येकाला उत्तर तयार होतं. त्याने एकच विचारलं.

“टॅग होता का रे गाडीला?”

“मला काय माहिती,” मी म्हणालो.

“नसणारच. असता तर त्यांनी फोन केला असता. म्हणजे तार बारीक पडली. वाऱ्याने हलून हलून तुटली असणार.” बायको चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, खिशातून एक पिवळा टॅग काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला. दोष : बारीक तार. जबाबदार व्यक्ती : स्वतः. माझ्यासमोर लिहिला. आणि मी त्याला विचारलं, साखर बरोबर आहे का.

चार महिन्यांनी त्याची मुलगी त्याला रावेतला आपल्या घरी घेऊन गेली. त्याच्या जागेवर माझ्या मुलाची गाडी लागते. रोज सकाळी मी ती बघतो.

स्मरणिका आली तेव्हा ते वाक्य वाचून मी एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी रावेतला गेलो. मुलीने दार उघडलं. “काका, बरं झालं आलात. बाबा सकाळपासून ते पुस्तक घेऊन बसलेत.” तो बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत होता, खाली द्रुतगती मार्ग. स्मरणिका त्याच्याकडेही पोचली होती. फ्लॅट अजून त्याच्याच नावावर आहे. नववं पान उघडं. त्याने लाल पेनाने ‘वर्षानुवर्षे’ला गोल केला होता आणि ‘पडून’ खोडून वर ‘उभे’ लिहिलं होतं. ‘बेवारस’ला हात लावला नव्हता.

“हा शब्द ठेवलास?” मी विचारलं.

“तो बरोबरच आहे. नाव दिसत नव्हतं म्हणल्यावर बघणारा काय म्हणणार? तार माझी होती.” मग म्हणाला, “दोन वर्षं झाली, अजून झोपताना तीच तार डोळ्यांपुढे येते. दहा रुपयाची जाड तार घेतली असती तर.”

मी सांगितलं. पक्कड, दुपार, कचऱ्याचा डबा, अर्ज, फोन. सगळं. तो रस्त्याकडे बघत ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने स्मरणिका मिटली आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

कारखान्यात एखादा दोष सापडला की क्वालिटीवाले पाच वेळा ‘का’ विचारतात. पहिल्या उत्तराला पुन्हा का, त्या उत्तराला पुन्हा का. आम्ही त्याला ‘व्हाय-व्हाय’ म्हणायचो. पहिली दोन-तीन उत्तरं माणूस तोंडावर फेकतो, खरं कारण शेवटी येतं. तो माझ्याशी रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो इन्स्पेक्टरसारखा बोलला.

“टॅग का काढलास?”

“नाव दिसलं असतं तर गाडी उचलली नसती.”

“का उचलायची होती?”

“मुलाच्या गाडीला जागा पाहिजे होती.”

“जागा मला का मागितली नाहीस?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हे रिजेक्ट. मी काय म्हणलो असतो ते तुला म्हायत नव्हतं. तुझं सांग. तू का विचारलं नाहीस?”

मी घाम पुसला. “विचारायची गरज वाटली नाही.”

“का वाटली नाही?”

मी आत भांडी लावणाऱ्या त्याच्या मुलीकडे पाहिलं.

“हा पाचवा होता,” तो म्हणाला. “याचं उत्तर मला तोंडी नको. तुमचं छापून आलंय, तर तुझंही छापूनच येऊ दे. माझं नाव घालू नको. गाडीचं लिही. माझी तार जाड होती ते लिही.”

तार जाड होती. अध्यक्षांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आता उकरून काय मिळणार? मी सेक्रेटरीपद सोडलं आहे आणि या लेखाची प्रत सूचना फलकावर लावणार आहे. त्यांनी काढली तर पुन्हा लावीन.

पाचव्याचं उत्तर असं आहे. अध्यक्षांच्या मेहुण्याची मांजरांची गाडी असती तर मी विचारलं असतं. कोणत्याही मजल्यावरच्या कोणाचीही असती तर आधी फोन केला असता, घरी चहाला बोलावलं असतं, गोड बोललो असतो. त्याला विचारायची गरज वाटली नाही, कारण सोसायटीतल्या चोवीस घरांत निळा झेंडा लागणारं घर ते एकच होतं, आणि त्याच्या वतीने विचारायला कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. अर्जात मी ‘बेवारस’ गाडीला लिहिलं. मनात ते तिच्या मालकाला कधीच लिहून झालं होतं. चौदा एप्रिलला तो दरवर्षी घरोघरी पेढे द्यायचा. आम्ही हसून घ्यायचो, आणि दार लावलं की बरीच घरं ते कामवाल्या बाईच्या हातावर ठेवायची. त्या बऱ्याच घरांत माझं घर होतं. ज्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी दवाखान्यात गेलो त्याच्या हातचा पेढा मी सव्वीस वर्षं खाल्ला नाही.

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा रावेतला गेलो आणि त्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. पेन हातात होतं, पण कुठे खूण केली नाही.

“पेढ्यांचं मला पहिल्याच वर्षी कळलं होतं,” तो म्हणाला.

“मग दरवर्षी का देत होतास?”

“का म्हणजे?” त्याने कागद माझ्याकडे सरकवले. “सण माझा होता. तुमच्या खाण्यावर थोडाच अडला होता.”